सात तास एकेचाळीस मिनिटे

सोमवार, ३

आज एका अन्यायाची नोंद करणे भाग आहे. कार्यालयाने माझी चार पायांची लाकडी खुर्ची काढून घेतली आणि तिच्या जागी पाच चाकांची फिरती खुर्ची दिली. आमच्या मजल्याची फरशी किंचित उतरती आहे, हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण जुन्या खुर्च्या स्थितप्रज्ञ होत्या. नवी तशी नाही. मी लेखाच्या दुसऱ्या वाक्यावर आलो की ती निघते आणि तिसरे वाक्य पुरे होईपर्यंत मला जाहिरात विभागाच्या दाराशी नेऊन उभी करते. वृत्तपत्राचा कल कुठे असतो हे वाचकांना ठाऊक असते; तो फरशीतच आहे हे मला आज कळले. जाहिरातवाले दर वेळी "या शास्त्रीबुवा, या, आज काय काढलंत?" म्हणून स्वागत करतात. दिवसभर डाव्या पायाने जमीन धरून लिहीत होतो. संध्याकाळी पोटरीत गोळा आला.

आईला सांगितले, तर म्हणाली, "चाकं दिलीयेत तर फिर की जरा. एका जागी बसून बसून तुझंच फर्निचर व्हायची वेळ आलीय."

ही वही पुढेमागे एखाद्या संशोधकाच्या हाती पडेल, या नम्र अपेक्षेने नोंदवतो, की या घरात आई आणि मी अशी दोनच माणसे राहतो. आई टेलिफोन खात्यातली निवृत्त ऑपरेटर. जन्मभर तिने लांबलांबच्या शहरांच्या तारा एकमेकींत खोचून दिल्या. स्वतः त्यातल्या एकाही शहरी गेली नाही. त्या काळी लांबचा कॉल तीन मिनिटांचा असे. ती शिस्त तिच्या अंगात इतकी मुरली आहे, की पोटच्या मुलीचा फोन असला तरी तीन मिनिटे होत आली की "झालं का?" म्हणते.

ती पोटची मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण, ताई. ती समुद्रापलीकडे राहते. तिने आता मागे अंगण असलेले घर घेतले आहे, तळमजल्यावर एक मोकळी खोली आहे, आणि आईने तिकडे यावे असा तिचा धोशा चालू आहे. तीन महिन्यांचा व्हिसासुद्धा करून ठेवला आहे. माझा काहीच विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच, की दोन वर्षांपूर्वी आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, आणि अशा पायांनी तासन्‌तास विमानात बसणे बरे नव्हे. आई जन्मभर राबली. तिने जग जरूर पाहावे. नंतर कधीतरी.

गुरुवार, ६

संपादकांनी बोलावले. ते बोलावतात तेव्हा आधी पाणी पुढे करतात. आज दोन पेले होते.

"शास्त्रीबुवा, तुमचं गेल्या रविवारचं सदर किती जणांनी उघडलं, माहितेय?"

"सुज्ञांनी."

"छप्पन्न. आणि त्यातली निम्मी वेळ तुम्हीच असणार, असं बाईंचं म्हणणं आहे."

बाई म्हणजे आमच्या आकडेबाई. कोण वाचक काय शोधत आला, किती वेळ थांबला आणि कुठून पळाला, याचा हिशेब त्या ठेवतात. चित्रगुप्तानेही इतके बारकाईने पाहिले नसेल. तो निदान माणूस मेल्यावर विचारतो.

संपादक म्हणाले, की हल्ली बातमी कोणी शोधत नाही. लोक अंतर शोधतात. अमुक शहर ते तमुक शहर विमानाने किती लांब, किती तास. याचे उत्तर जो देईल त्याच्याकडे वाचक जातो. तेव्हा शहरांच्या प्रत्येक जोडीचे एक पान लिहायचे, आणि हे काम भाषेवर प्रभुत्व असलेल्या माणसाकडेच द्यावे असे त्यांना वाटले.

"जगात विमानतळ असलेली शहरं हजारो. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावा. हे काम संपणारच नाही!" हे त्यांनी आनंदाने सांगितले. मी कधीकाळी नगरपालिकेचे तीन घोटाळे बाहेर काढले होते. ते संपले, हाच बहुधा माझा दोष.

आजपासून मी 'प्रवासतज्ज्ञ' या टोपणनावाने लिहितो. मी आजवर विमानात दोनदाच बसलो आहे, आणि दुसऱ्यांदा बसलो ते केवळ परत यायचे होते म्हणून.

आकडेबाईंनी रीत समजावून दिली. गोलावरचे सरळ अंतर यंत्रातून काढायचे, त्याला विमानाच्या सरासरी वेगाने भागायचे, आणि चढण्याउतरण्याचा अर्धा तास वर घालायचा. मग त्या आकड्याभोवती आठशे शब्द रचायचे.

"उत्तर सगळ्यात शेवटी द्या हं. आधी दिलंत तर वाचक जातो."

"वाचक उत्तरासाठीच येतो ना?"

"येतो. म्हणूनच तर थांबतो."

मी संस्कृत व्याकरणातल्या सूत्रांच्या परंपरेत वाढलो. तिथे एखादे अक्षर वाचवणे हे पुण्य. आज पहिल्याच पानाची सुरुवात मी अशी केली: 'विमानप्रवास म्हणजे आकाशाशी केलेली मैत्री होय.' बाई वाचून म्हणाल्या, "अय्या, छान. हेच सगळ्या पानांना लावून टाका."

मंगळवार, ११

आकाशाशी माझी मैत्री आता शेकडो पानांवर पसरली आहे. हात बसला आहे. आज एका नदीच्या दोन काठांवरच्या दोन शहरांची जोडी आली. मध्ये पूल आहे. लोक चालत जातात. रीतीप्रमाणे हिशेब केला, तर प्रवास एकतीस मिनिटांचा निघाला, पैकी तीस चढण्याउतरण्याची. बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "असू दे. एवढ्या जवळच्या प्रवासाला स्पर्धा कमी असते."

दुपारी त्यांनी नवी यादी दिली. त्यात आमचे शहर आणि ताईचे शहर होते.

"ही जोडी आधी घ्या. मागणी आहे. आपल्या शोधपेटीत महिनाभर कोणीतरी रोज हेच विचारतंय. कधी सकाळी, कधी दुपारी जेवणानंतर."

"कोणीतरी म्हणजे एकच माणूस?"

"एक असो नाहीतर शंभर असोत. यंत्राला मागणी दिसते, माणूस दिसत नाही."

कोणी विरही जीव असावा, असे मी म्हणालो. हिशेब मांडला: अंतर सहा हजार शंभर किलोमीटर, वेळ सात तास एकेचाळीस मिनिटे. आता, या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. वाटेत उतरून दुसरे धरावे लागते. ताई दर खेपेला तशीच येते. हे मी बाईंच्या कानावर घातले.

"पानाचं नाव 'विमानाने किती वेळ' असं आहे," त्या म्हणाल्या. "विमान आहे का, असं कोणी विचारलेलं नाही."

हे उत्तर एखाद्या नैयायिकाला शोभले असते. पान छापून मोकळा झालो.

घरी आलो तर आई चष्मा कपाळावर चढवून फोनशी झटत होती. "तुमच्या पेपरात हल्ली अंतरं येतात वाटतं?" म्हणाली.

"तुला काय करायचंय अंतरांशी?"

"काही नाही. अक्षर जरा मोठं करायला सांग त्यांना. आणि उत्तर इतकं खाली का ठेवता रे? अंगठा दुखला."

म्हातारपणी माणसाला कशाकशाची उत्सुकता वाटते, याची मौज वाटली.

शनिवार, १५

आईला पायांच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेले. ताईने फोनवर त्यांना आधीच गाठले होते, त्यामुळे विषय त्यांनीच काढला.

"जायचं म्हणताय काकू? सलग आठ तासांच्या आत असेल तर माझी काही हरकत नाही. घट्ट मोजे घालायचे, पाणी प्यायचं, तासाला एकदा उठून फेरी मारायची. त्याच्यावर असेल तर मात्र मी हो म्हणणार नाही. किती तासांचं आहे?"

"अफाट," मी म्हणालो.

"अफाट म्हणजे?"

"बघा ना डॉक्टर," आई म्हणाली, "आता फोनवर मिळतं."

डॉक्टरांनी शोधले. पहिलेच पान आमचे निघाले. ते मोठ्याने वाचू लागले: "विमानप्रवास म्हणजे आकाशाशी केलेली मैत्री होय. अनादि काळापासून मानवाला… अरे बापरे. बरंच लिहिलंय हो."

"सगळ्यात खाली बघा," माझ्या तोंडून गेले.

"हां. सात तास एकेचाळीस मिनिटं. झालं की मग काकू! अगदी एकेचाळीस म्हटलंय, म्हणजे कोणीतरी घड्याळ लावून मोजलंच असणार. साडेसात म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

मी म्हणालो, की वृत्तपत्रांत काय, काहीही छापून येते.

"तुम्हीच असं म्हणायचं?" डॉक्टर हसले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझाच ना रे पेपर?"

अशा वेळी माणसाने काय करावे? 'तो प्रवासतज्ज्ञ मीच' असे सांगितले असते, तर डॉक्टरांचा आकड्यावरचा विश्वास उडाला असता हे खरे. पण त्यांच्याकडे माझ्या रक्तदाबाच्याही गोळ्या चालू आहेत. त्यांनी माझ्यावर थोडा विश्वास ठेवणे आवश्यक आहे.

सोमवार, १७

सत्याशी प्रतारणा मला सहन होत नाही. आजवर झाली असेल, यापुढे नाही. सकाळीच संपादकांकडे जाऊन त्या पानात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली. थेट विमान नाही, वाटेत बदलावे लागते, एकूण वेळ पुष्कळ जास्त लागतो, एवढे स्वच्छ लिहावे.

"नदीवरच्या पुलाचं पान बदलायचं नाहीये ना?" त्यांनी विचारले.

"नाही. फक्त हे एकच."

"हेच का?"

"सत्यासाठी."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग पडद्यावर एकामागून एक पाच संकेतस्थळे उघडून दाखवली. पाचही जणांनी हाच आकडा दिला होता, एका मिनिटाचा फरक नाही. "पाच जण चुकतील?"

"ते माझ्यावरूनच उतरवलंय. बघा, आकाशाशी मैत्रीसुद्धा सगळीकडे आहे. ते पाच जण म्हणजे मीच."

"मग तुम्ही सहा वेळा बरोबर आहात. कशाला बदलता?"

तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात: पहिला उभा राहतो दुसऱ्याच्या आधाराने, आणि दुसरा पहिल्याच्या. विद्यार्थी असताना हा दोष ओळखायला मला एक वर्ष लागले होते. तो नोकरी म्हणून करावा लागेल, हे गुरुजी म्हणाले नव्हते.

पान तसेच राहिले. दोनचार दिवसांत तिकीटवाल्याकडे जाऊन खरे वेळापत्रक छापून घेतो आणि डॉक्टरांपुढे ठेवतो. आईच्या जिवाचा प्रश्न आहे.

शुक्रवार, २१

तिकीटवाला मोठा सज्जन निघाला. बाजाराच्या मागे त्याचे दीड टेबलांचे दुकान आहे. भिंतीवर जगातल्या समुद्रांची इतकी चित्रे, की आत गेल्यावर पाय वर उचलावेसे वाटतात. त्याने यंत्रावर पाहून सांगितले: घरापासून घरापर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस, आणि विमानतळावरून विमानतळावर सोळा तासांहून थोडे जास्त.

"सोळा!" मी म्हणालो. माझा आवाज बहुधा फार उल्हसित असावा, कारण त्याने धीर देण्यासाठी चहा मागवला.

कागद घेऊन तडक दवाखान्यात गेलो. आईला सांगितले नाही. उगाच तिचे मन मोडायला नको. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मग हे उलट उत्तम आहे!"

"सोळा तास?"

"सोळा सलग कुठेत? हे बघा, पहिलं विमान सहा तासांच्या आत. मग चार तासांवर मोकळा वेळ, तेवढ्यात त्या मोठ्या विमानतळावर छान चालणं होईल. मग दुसरं विमान पुन्हा सहाच्या आत. सात तास एकेचाळीस मिनिटांची मला खरं सांगायचं तर जरा धाकधूकच होती, आठाच्या फार जवळ जातं ते. बरं झालं तुम्ही खरं काय ते आणलंत. सगळ्यांच्या आया अशा मुलांच्या नशिबात… म्हणजे उलट. सगळ्या आयांच्या नशिबात असा मुलगा नसतो."

त्यांनी तिथल्या तिथे प्रमाणपत्र लिहिले. मी थांबवायला गेलो होतो तो सही-शिक्का घेऊन परत आलो.

सत्याचा विजय झाला. सत्याचे हे असे असते; एकदा खटपट करून बाहेर काढले, की ते कोणाच्या बाजूने बोलेल याचा भरवसा नाही.

आईला कागद दिला. तिने तो दिव्याखाली धरून सावकाश वाचला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू गेलास होय रे माझ्यासाठी?" म्हणाली. मी "हो" म्हणालो. शब्दशः ते खरेच आहे.

रविवार, २३

घरात आवराआवरीचा नुसता गोंधळ. म्हातारी माणसे तीन महिन्यांच्या प्रवासालाही अशी निघतात, जणू काही राज्य सोडून चालली आहेत. आईने खिडकीतली सगळी झाडे शेजारच्या वहिनींना देऊन टाकली. मी म्हटले, पाणी मी घातले असते. "तू?" एवढेच म्हणाली. वहिनीही हसल्या. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

बॅगेत शिवणाचा डबा, जाड पांघरूण आणि भिंगाचा दिवा गेला. पांघरूण कशाला, तिकडे ताईकडे नसेल का? तर म्हणे, आपलं ते आपलं.

सध्या माझे पाकशिक्षण चालू आहे. आज भात झाला. तांदूळ धुतल्यावर पाणी किती घालायचे, याचे आईचे मोजमाप बोटाच्या पेरावर आहे.

"कोणत्या बोटाच्या?"

"तुला जे सापडेल त्याच्या."

अंडे उकडण्याचा पाठ उद्या. गॅसचे कागद कुठे आहेत, पाण्याची मोटर कोण दुरुस्त करतो, भांडीवाल्या बाई कोणत्या वारी सुट्टी घेतात, हेही तिने माझ्याकडून घोकून घेतले. पाठांतर मला नवे नाही, पण परीक्षा इतकी कडक असेल असे वाटले नव्हते. मोटरवाल्याचे नाव चुकलो तर म्हणाली, "सबंध व्याकरण पाठ आहे म्हणतोस आणि हा एक माणूस लक्षात राहीना?"

एक विशेष. दुपारी ताईचा फोन आला तेव्हा मी पडल्या पडल्या वाचत होतो. आई फार वेळ बोलली. "झालं का?" एकदाही नाही. शेवटी आवाज उतरवून म्हणाली, "त्याला तू नको सांगूस. मीच सांगीन, वेळ बघून." पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस असतो. दोघी मिळून काहीतरी बेत शिजवत असाव्यात. या वयात कसले कौतुक, पण बरे वाटले हे खरे.

गुरुवार, २७

पायरीपायरीने लिहितो, म्हणजे राग आवरेल.

तिकीट आणायला गेलो. तिकीटवाल्याने लखोटा दिला. उघडून पाहिले, तर एकाच बाजूचे. मी म्हणालो, परतीचे राहिले.

"राहिलं नाही साहेब. आई म्हणाल्या, परतीचं नको."

"तुम्ही एका वृद्ध बाईचं ऐकून…"

"प्रवास त्याच करणारेत ना?" तो अगदी निरागसपणे म्हणाला.

त्याला मी व्यापारधर्मावर दोन शब्द सुनावले. त्याने पुन्हा चहा मागवला. प्यालो नाही.

घरी आई पाटावर इस्त्री करत होती. भाताचे भांडे मी शेगडीवर चढवले आणि शांतपणे म्हणालो, "परतीचं तिकीट काढायचं राहिलंय."

"राहिलं नाही. काढलं नाही."

"तीन महिन्यांनी येणार ना पण?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. ताई म्हणते, राहायचा परवाना मिळतो. आवडलं तर राहीन."

"आणि मला कोणी विचारलं?"

इस्त्री उभी करून ठेवत ती म्हणाली, "तू मला विचारलंस? डॉक्टरांना विचारलंस, तिकीटवाल्याला विचारलंस, संपादकाशी भांडलास. वहिनींच्या यजमानांकडून कळतं मला सगळं, ते तुमच्या जाहिरातीत आहेत. पेपरात तेवढं छापून आणलंस, तेही मी महिनाभर रोज त्या पेटीत विचारल्यावर. म्हटलं, मुलगा पेपरात आहे, कधीतरी उत्तर देईल. 'आई, तुला जायचंय का' हे मात्र तुझ्या तोंडातून निघालं नाही."

मी पायांचा विषय काढला.

"पाय माझे आहेत. तू त्यांची एवढी काळजी केलीस, की मला ते वापरायचीच चोरी झाली."

"इथं काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही रे." तिने सदऱ्याची बाही उलटली, सदरा माझाच होता. "पण कानावर ते यंत्र घालून मी एवढी वर्षं बसले. तिकडून लोक सांगायचे, आज बर्फ पडतंय, ट्राम बंद आहे, मुलाला दात आले. मी म्हणायची, तीन मिनिटं झाली. आता एकदा बघू दे की, खरंच पडतं का ते."

"मग जा, बघ आणि परत ये."

"आणि परत येऊन?"

"म्हणजे काय? मी आहे ना इथं. तुझ्यासाठीच तर आहे."

हे म्हणायला नको होते. तिने इस्त्रीचे बटण बंद केले.

"बदली आली तेव्हा तू सांगितलंस, आई आहे. बाहेरदेशी बातमीदार म्हणून पाठवत होते तेव्हा सांगितलंस, आई आहे. ती तुझी ग्रंथपाल, चांगली होती रे मुलगी, ती म्हणाली चल माझ्या गावी, तिलाही तेच. माझं नाव सांगून तू कुठं कुठं गेला नाहीस, त्याची यादी माझ्याजवळ आहे. मी कधी म्हटलं होतं का तुला, थांब?"

मी इस्त्रीची वायर गुंडाळू लागलो.

"आता आई नाही असं सांग. जा कुठं जायचं ते."

हा शुद्ध अन्याय आहे. बदलीच्या वेळी तिला खोकला होता. बाहेरदेशीच्या वेळी घराला रंग चालू होता. आणि ग्रंथपालबाईंच्या गावाला मराठी वाचनालयसुद्धा नव्हते. या प्रत्येकाचे सविस्तर उत्तर मी देणार होतो, तेवढ्यात भात लागल्याचा वास आला आणि आम्ही दोघेही धावलो.

लागलेला भात तिने निमूट खाल्ला. "पाणी कमी पडलं," म्हणाली. "पुढच्या वेळी एक पेर वाढव."

सोमवार, ३१

आईला पोहोचवून आलो.

विमानतळावर चाकांची खुर्ची पुढे आली तर तिने साफ नकार दिला. "मी काय आजारी आहे?" खुर्चीवाल्याने समजावले, की खुर्चीवाल्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडतात. त्यावर क्षणभर विचार करून बसली. "मग ढकला. याला जरा बाजूला व्हायला सांगा."

'याला' म्हणजे मला.

दाराशी तिने विचारले, मोटरवाल्याचे नाव काय. मी बरोबर सांगितले. "शाबास," म्हणाली आणि गेली. मी काचेला नाक लावून बराच वेळ उभा होतो. एक सुरक्षारक्षक येऊन म्हणाला, "काका, इथून आतलं काही दिसत नाही." मी म्हणालो, ठाऊक आहे.

येताना कार्यालयात गेलो. घरी जाण्यापेक्षा बरे. आकडेबाईंनी बातमी दिली, की आमच्या जोडीची मागणी एकाएकी बंद पडली आहे.

"गेला असेल तुमचा विरही जीव," त्या म्हणाल्या.

शनिवार, ५

आई सुखरूप पोहोचली हे त्याच वेळी कळले होते. पाय ठीक, सूज नाही. मधल्या विमानतळावर ती इतकी चालली, की पुढच्या विमानासाठी तिला हुडकत माणूस फिरत होता.

आज निवांत फोन आला. मी विचारले, थंडी कितपत आहे. तिने ते ऐकलेच नाही. "अरे, इथली ट्राम ना, अगदी दारासमोर थांबते. शेजारी एक बाई आहे, माझ्याच वयाची. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही, पण रोज सकाळी आम्ही दोघी शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि परत येतो. काल तिनं मला हसवलं बघ, काय म्हणाली कोण जाणे! ताईनं पास काढून दिलाय."

"महिन्याचा?"

"वर्षाचा."

मग भात कसा होतो ते विचारले. बरा होतो, असे मी सांगितले. तुला काही हवे आहे का, असेही मी विचारले. तिने खरोखर विचार केला, तो विचार मला ऐकू येत होता, आणि म्हणाली, "नाही रे. काहीच नाही." मागून ताई तिला बोलावत होती. फोन तिनेच ठेवला.

या वहीत मी पायांबद्दल लिहिले, गुठळीबद्दल लिहिले, तासांबद्दल तर पानेच्या पाने लिहिली. ते सगळे खरे होते, आणि त्यातल्या कशाचीही मला भीती नव्हती. मला भीती होती ती आई तिथे रमेल याची. ती रमली, तर मी इतकी वर्षे इथे कशासाठी राहिलो, हे मला कोणाला सांगता येणार नाही. मलाच सांगता येणार नाही.

आज तिचा आवाज ऐकला. ती रमली आहे.